शब्द द्यायचा आणि रोज पाळायचा
शीख आचारमर्यादेविषयी वाचकांचे प्रश्न

दसऱ्याला नांदेडच्या सचखंड गुरुद्वाऱ्यातून, म्हणजे हजूर साहिबमधून, निघणाऱ्या हल्ला मिरवणुकीबद्दल मी या सदरात थोडे लिहिले होते. त्यानंतर परभणी, लातूर, जालना, हिंगोली, बीड अशा ठिकठिकाणांहून पत्रे आली. मिरवणुकीपेक्षा त्या घोड्यांवर बसलेल्या माणसांच्या रोजच्या वागण्याविषयीच वाचकांना अधिक विचारायचे आहे, हे ती वाचताना लक्षात आले आणि मनापासून बरे वाटले. मी नांदेडच्या एका दखनी शीख घरात वाढलो आणि आयुष्यभर शाळेत मराठी शिकवली. आमच्या पगड्यांचे रंग शेजाऱ्यांच्या ओळखीचे आहेत, पण पहाटे उठून आम्ही काय म्हणतो, कशाला शिवत नाही आणि का, हे सहसा कोणी विचारत नाही, याची रुखरुख मला नेहमी वाटत आली आहे. निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहे. काहींनी तशी विनंती केल्यामुळे सर्वांचीच नावे वगळली आहेत.

प्रश्न (परभणी) : आमच्या गल्लीत अनेक वर्षांपासून एक शीख कुटुंब राहते. थोरला मुलगा पगडी, कृपाण सर्व काही धारण करतो. धाकट्याने केस कापले आहेत. दोघेही गुरुद्वाऱ्यात जातात. यांच्यातला खरा शीख कोण मानायचा? आणि ‘रहत मर्यादा’ हा आपल्याकडच्या धर्मशास्त्रासारखा ग्रंथ आहे काय?

उत्तर : ‘रहत’ हा शब्द मराठी कानाला परका वाटू नये; राहणे, राहणी या आपल्या शब्दांच्याच कुळातला तो आहे. गुरूने सांगितले तसे राहणे म्हणजे रहत, आणि त्या राहण्याची आखून दिलेली चौकट म्हणजे रहत मर्यादा. अठराव्या शतकापासून निरनिराळ्या लेखकांचे ‘रहतनामे’ प्रचारात होते आणि त्यांत एकमेकांशी न जुळणाऱ्या गोष्टीही शिरल्या होत्या. १९२० साली अमृतसरला शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक कमिटी स्थापन झाली. या कमिटीने १९३१ साली एकच सर्वमान्य मसुदा तयार करण्यासाठी उपसमिती नेमली, आणि पुष्कळ चर्चा व दुरुस्त्यांनंतर १९४५ साली आज वापरात असलेली ‘सिख रहत मर्यादा’ कायम झाली. ती एका बैठकीत वाचून होईल एवढी लहान पुस्तिका आहे. तिच्यापुढे कोणी माथा टेकत नाही. तो मान फक्त गुरू ग्रंथसाहिबांचा. ‘शख्सी रहिणी’, म्हणजे एकट्याने पाळायचे आचरण, आणि ‘पंथक रहिणी’, म्हणजे पंथाचा घटक म्हणून पाळायचे आचरण, असे तिचे दोन भाग आहेत.

पुस्तिकेच्या आरंभीच शीख कोणाला म्हणावे हे सांगितले आहे. जी स्त्री किंवा जो पुरुष एका अकालपुरुषावर, गुरू नानकांपासून गुरू गोबिंदसिंघजींपर्यंतच्या दहा गुरूंवर, गुरू ग्रंथसाहिबांवर, दहा गुरूंच्या वाणीवर व शिकवणीवर आणि दशम गुरूंच्या अमृतावर, म्हणजे त्यांनी घालून दिलेल्या दीक्षेवर, निष्ठा ठेवतो आणि दुसरा धर्म मानत नाही, तो शीख. अमृत घेतलेल्या माणसावर मर्यादेची पूर्ण जबाबदारी येते. ज्याने अजून घेतलेले नाही तोही या घरचाच असतो, मात्र केस राखावेत ही अपेक्षा त्याच्याकडूनही असते आणि ती लपवून ठेवण्यात अर्थ नाही. आपल्या गल्लीतल्या धाकट्या भावाने काय ठरवले आहे, त्याच्या मनात काय चालले आहे, हे तोच जाणे. मर्यादा हा ज्याने त्याने गुरूला दिलेला शब्द आहे. शेजाऱ्याच्या अंगावर लावून त्याचे माप काढण्यासाठी ती पट्टी केलेली नाही, आणि हे मी आमच्या शीख बांधवांनाही तितक्याच आग्रहाने सांगत असतो.

आता रोजचे पाळणे म्हणजे काय, ते सांगतो. अमृतवेळी, म्हणजे पहाटेपूर्वी, उठून स्नान करावे, नामस्मरण करावे. सकाळी जपुजी साहिब, जापु साहिब आणि दहा सवय्ये, सूर्यास्ताला रहिरास आणि झोपण्यापूर्वी सोहिला म्हणावा. या रोजच्या ठरलेल्या प्रार्थनापाठाला नितनेम म्हणतात. माझी आजी नळाला पाणी यायच्या वेळेला उठत असे, कारण आमच्या भागात पाणी केव्हा येईल हे तेव्हाही ठरलेले नसे. हंडा नळाखाली लावला की ती जपुजी सुरू करी. कितव्या पौडीला, म्हणजे कडव्याला, हंडा भरतो हे तिला बरोबर ठाऊक होते, आणि पाण्याची धार बारीक असली की ‘आज दोन पौड्या जास्त लागल्या’ असे ती आम्हाला सांगे. जपुजीच्या अडतीसही पौड्या मला पुस्तकाशिवाय पाठ झाल्या त्या त्या नळाजवळ बसून.

याशिवाय अमृतधाऱ्याला चार गोष्टी कायमच्या वर्ज्य आहेत : केस कापणे, हलाल पद्धतीने मारलेल्या प्राण्याचे मांस खाणे, वैवाहिक संबंधाबाहेरचा शरीरसंबंध आणि तंबाखू. यांना कुरहिती म्हणतात आणि यांतली एक जरी घडली तरी अमृत भंगले असे समजतात. पण केवळ या चार गोष्टी टाळल्या म्हणजे रहत झाली असेही नाही. गुरू नानकांनी म्हटले आहे की सर्व काही सत्याच्या खाली आहे आणि सत्याचे आचरण सत्याच्याही वर आहे. पगडी नीट बांधलेल्या माणसाने दुकानात काटा मारला, तर त्याची रहत मोडली, असेच आमच्या घरात आम्हाला शिकवले गेले.

प्रश्न (लातूर) : मी वसतिगृहात राहून शिकते. माझ्या खोलीतली शीख मैत्रीण रात्री झोपतानाही कृपाण उतरवत नाही. इतर मुली घाबरतात. तिला कसे विचारावे हे कळत नाही. हे शस्त्र जवळ बाळगणे कायद्याला धरून आहे काय?

उत्तर : कायद्याचे आधी सांगतो. भारतीय राज्यघटनेच्या कलम २५ च्या पहिल्या स्पष्टीकरणात, कृपाण धारण करणे व बाळगणे हे शीख धर्माच्या आचरणात अंतर्भूत आहे, असे स्पष्ट लिहिलेले आहे. देशांतर्गत विमानप्रवासातही सहा इंचांपर्यंत पाते आणि मुठीसह नऊ इंचांपर्यंत लांबी असलेली कृपाण शीख प्रवाशाला जवळ ठेवता येते. तेव्हा आपली मैत्रीण कोणताही नियम मोडत नाही.

केस, कंगवा, कडे, कृपाण आणि कछेरा (आखूड चोळणा) हे पाच ककार अमृतधाऱ्याच्या अंगावर नेहमी असतात, म्हणून ती झोपतानाही कृपाण उतरवत नाही. अंघोळीच्या वेळी ती कृपाणीचा गातरा, म्हणजे खांद्यावरून घ्यायचा पट्टा, डोक्याला गुंडाळून घेत असेल, तेही याच कारणाने. कृपाण या शब्दाची फोड आमच्याकडे ‘कृपा’ आणि ‘आन’, म्हणजे दया आणि अब्रू, अशी करून सांगतात. दुबळ्यावर कोणी हात उगारला तर मध्ये पडायचे, ही जबाबदारी कृपाण अंगावर घेताना आपण पत्करतो. रागाच्या भरात तिला हात लावणारा माणूस तिचा अपमान करतो. त्यामुळे आपली खोली ही सर्वांत निर्धास्त झोपावे अशी जागा आहे, असे मी वडीलकीच्या नात्याने म्हणेन.

कंगव्याविषयी थोडे अधिक लिहितो, कारण त्याच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. तो लाकडी असतो आणि केसांच्या जुड्यात खोचलेला असतो. माझ्या आजोबांचा कंगवा आमच्याकडे अजून आहे. दोन टोकांचे दात झिजून आखूड झाले आहेत आणि मधला भाग तेलाने काळा, काचेसारखा गुळगुळीत झाला आहे. आजोबा सकाळ-संध्याकाळ केस सोडून विंचरत आणि मग पगडी बांधत. घर सोडून, केसांच्या जटा वाढवून रानात बसणाऱ्याचा मार्ग गुरूंनी सांगितला नाही. केस राखायचे, पण ते स्वच्छ, विंचरलेले आणि बांधलेले. संसारात राहायचे, पण आवरून राहायचे. केस आणि कंगवा हे दोन ककार एकमेकांशिवाय अपुरे आहेत ते यासाठी.

लातूरच्या वाचकांना आणखी एक गोष्ट जवळची वाटेल. १६९९ सालच्या वैशाखीला आनंदपूर साहिबला गुरू गोबिंदसिंघजींनी भर संगतीत, म्हणजे जमलेल्या शिखांसमोर, शीर मागितले, तेव्हा जे पाच जण एकामागून एक उठले त्यांना पंज प्यारे म्हणतात. लाहोर, हस्तिनापूर, जगन्नाथपुरी आणि द्वारका या ठिकाणांहून आलेल्या चौघांबरोबर पाचवे भाई साहिबसिंघ होते आणि परंपरेने त्यांचे गाव बिदर सांगितले जाते, म्हणजे आपल्या उदगीरच्या पलीकडचे. ते नाभिक कुटुंबातले होते, असेही परंपरा सांगते. लोकांचे केस कापणाऱ्या घरातला माणूस केस राखण्याचे व्रत घेणाऱ्या पहिल्या पाचांत उभा राहिला, हे मी वर्गात सांगितले की मुले गप्प होत. त्या पाचांना अमृत दिल्यावर गुरूंनी त्यांच्याच पुढे हात जोडून स्वतःसाठी अमृत मागितले. मर्यादा घालून देणारा स्वतः त्या मर्यादेखाली आला, म्हणून तिला वजन आहे.

मैत्रिणीला सरळ विचारा. विचारलेले तिला आवडेल.

प्रश्न (जालना) : माझ्या ओळखीचे एक शीख वाहतूकदार माझ्याशी मनमोकळे बोलतात, पण मी तंबाखू मळायला घेतली की उठून दूर जाऊन बसतात. मला तो अपमान वाटतो. तंबाखूचे एवढे काय?

उत्तर : त्यात आपला अपमान नाही. तंबाखू ही चार कुरहितींपैकी एक आहे. खाणे, ओढणे, तपकीर ओढणे, सगळेच तीत आले. मर्यादेने दारू, अफू, भांग यांनाही मनाई केली आहे आणि शीख घरांत दारू शिरलेली पाहून मला फार दुःख होते. आपल्या मराठवाड्यात चुन्याची डबी पुढे करणे ही आपुलकीची खूण मानतात, हे मला ठाऊक आहे. माझ्या वडिलांचे शेतकरी मित्र आमच्याकडे येत तेव्हा कोणी न सांगता पुडी आणि डबी बाहेरच्या कट्ट्यावर ठेवून मग उंबरा ओलांडत, आणि जाताना उचलून नेत. कट्ट्यावर ओळीने ठेवलेल्या त्या डब्या मला अजून दिसतात. आपणही तेवढे केले तर ते गृहस्थ आपल्यापासून उठून जाणार नाहीत.

प्रश्न (हिंगोली) : नरसी हे संत नामदेवांचे गाव आमच्या जिल्ह्यात आहे. तेथे पंजाबातून भाविक येतात. नामदेव तर वारकरी. शिखांच्या आचारधर्माशी त्यांचा संबंध कसा जुळतो?

उत्तर : गुरू ग्रंथसाहिबांमध्ये नामदेवांची ६१ पदे आहेत. शीख माणूस ग्रंथासमोर माथा टेकवतो तेव्हा तो या वाणीसमोरही टेकवतो. पंजाबातल्या गुरदासपूर जिल्ह्यातील घुमान हे नामदेवांच्या उत्तरायुष्याशी जोडलेले गाव. २०१५ साली अठ्ठ्याऐंशीवे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तेथेच झाले, हे अनेक वाचकांना आठवत असेल. पण आपला प्रश्न आचाराचा आहे, म्हणून तेवढ्यावर थांबत नाही.

शीख जीवनाचे तीन आधार सांगतात : नाम जपणे, किरत करणे म्हणजे कष्टाने प्रामाणिकपणे मिळवणे, आणि वंड छकणे म्हणजे मिळालेले वाटून खाणे. यांतले पहिले दोन एकाच वेळी कसे करायचे, हा प्रश्न प्रत्येक संसारी माणसाला पडतो. गुरू ग्रंथसाहिबांतील कबिरांच्या श्लोकांत त्याचे उत्तर नामदेवांच्या तोंडून येते. त्रिलोचन विचारतात, मित्रा, तू मायेत गुंतलास, कापड छापत बसतोस, रामाकडे चित्त का देत नाहीस? नामदेव म्हणतात, त्रिलोचना, मुखाने रामाला आठव, हातापायांनी सगळे काम कर, चित्त मात्र निरंजनाजवळ ठेव. आणि रामकली रागातले नामदेवांचे जे पद आहे त्यात तर चित्रेच आहेत : मुलगा कागदाचा पतंग उडवतो, सोबत्यांशी बोलतो, पण लक्ष दोरीवर, मुली घागरी भरून आणतात, हसतात, टाळ्या देतात, पण लक्ष घागरीवर, गाय पाच कोसांवर चरते, पण लक्ष वासरावर, आई घरकामात असते, पण लक्ष पाळण्यातल्या बाळावर.

त्या पदातली ‘आनीले’, ‘काटीले’, ‘भराईले’ ही रूपे ऐका. अमृतसरच्या दरबारात रागी, म्हणजे कीर्तनकार गायक, जेव्हा ही ओळ गातात, तेव्हा ‘ले’कारान्त मराठी क्रियापद गुरुमुखी लिपीतून कानावर येते आणि मराठवाड्याचा माणूस जागीच थबकतो. मला त्या घागरीच्या ओळीला नेहमी नळाखाली हंडा लावून जपुजी म्हणणारी आजी आठवते.

तिसऱ्या आधारासाठी, म्हणजे वाटून खाण्यासाठी, कमाईचा दहावा भाग बाजूला काढण्याची रीत आहे. त्याला दसवंध म्हणतात. लंगर, म्हणजे गुरुद्वाऱ्यातले सर्वांसाठीचे जेवण, त्यातूनच चालतो. पंगतीत कोणाशेजारी कोण बसावे याला कोणताही क्रम नाही, आणि कणीक, साखर व तूप सारख्या वजनाने घेऊन केलेला कडाह प्रसाद ओंजळीत घालताना समोरच्याची जात किंवा धर्म विचारायचा नाही, असे मर्यादेतच लिहिले आहे.

प्रश्न (नांदेड) : मी पंजाबात नोकरीला होतो. तेथील गुरुद्वाऱ्यांत दिव्यांची आरती नसते. आपल्या हजूर साहिबला असते. मर्यादा एकच, तर पद्धती दोन कशा? यावरून माझ्या मुलांमध्ये वाद होतो.

उत्तर : हा वाद आमच्या घरातही झाला आहे, त्यामुळे उत्तर थोडे सविस्तर देतो.

१९४५ च्या मर्यादेत स्पष्ट लिहिले आहे की धूप-दीप लावून आरती करणे, भोग लावणे, घंटा वाजवणे हे गुरुमताला धरून नाही, आणि गुरू ग्रंथसाहिबांच्या बरोबरीने दुसऱ्या कोणत्याही ग्रंथाची स्थापना करू नये. हजूर साहिबला संध्याकाळी दिव्यांनी आरती होते, गुरू गोबिंदसिंघजींच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दशमग्रंथाचाही प्रकाश होतो, म्हणजे तो उघडून मांडला जातो, शस्त्रांची पूजा होते, सणाला झटक्याची, म्हणजे एका घावात पशू मारण्याची, प्रथा आहे आणि दिवाळीला तख्ताचे, म्हणजे या पीठाच्या मुख्य स्थानाचे, गोदावरीच्या पाण्याने खास तख्तस्नान होते. फरक आहे आणि तो डोळ्यांना दिसणारा आहे. नाही म्हणण्यात हशील नाही.

याचे कारण इतिहासात आहे. १७०८ साली गुरू गोबिंदसिंघजी नांदेडला आले. माधोदास बैरागी त्यांना येथेच शरण आला आणि पुढे बंदासिंघ बहादूर म्हणून पंजाबात गेला. येथेच गुरूंनी ग्रंथसाहिबांना गुरुपद दिले आणि त्याच वर्षी ७ ऑक्टोबरला ते ज्योतिज्योत समावले, म्हणजे त्यांनी देह ठेवला. आजची तख्ताची इमारत महाराजा रणजितसिंघांनी १८३२ ते १८३७ या काळात बांधवली. पंजाबात राज्ये बदलली, गुरुद्वारा सुधारणेची चळवळ झाली आणि १९२५ चा गुरुद्वारा कायदा आला. नांदेड त्या सगळ्यापासून दूर, निजामाच्या राज्यात होते. येथील कारभार आजही १९५६ च्या स्वतंत्र कायद्याखालील मंडळाकडे आहे, अमृतसरच्या कमिटीकडे नाही. येथे पिढ्यानपिढ्या सेवा करणाऱ्यांनी गुरूंच्या वेळचे जे म्हणून सांगितले गेले ते जसेच्या तसे जपले. आमची रीतच जुनी, असे ते म्हणतात. नंतर शिरलेले ते काढून टाकले, असे पंजाबातले विद्वान म्हणतात.

मी स्वतः काय मानतो तेही लिहितो. रोज मध्यरात्र उलटल्यावर गागरिया सिंघ, म्हणजे पाणी आणणारा सेवेकरी, गोदावरीवर जातो, चांदीची गागर भरून डोक्यावर घेऊन येतो आणि त्या पाण्याने तख्तसाहिबाचे स्नान होते. थंडी असो, पूर असो, हा नेम चुकत नाही. लहानपणी वडील मला उठवून रस्त्याच्या कडेला उभे करत. अनवाणी पावलांचा आवाज जवळ येई, गागरीतून सांडलेल्या पाण्याचे थेंब फरसबंदीवर दिसत आणि आम्ही माथा टेकत असू. हे मी कोणत्याही युक्तिवादासाठी सोडणार नाही. पण आरतीच्या वेळी जे पद गायले जाते, ते गुरू नानकांचे आहे आणि त्यात म्हटले आहे की आकाश हेच ताट, सूर्य-चंद्र हेच दिवे, तारे हेच मोती. पंजाबातला शीख दिवा न लावता हेच गातो, आम्ही दिवा लावून गातो. मुलांनी आधी त्या पदाचा अर्थ नीट समजून घ्यावा आणि मग वाटल्यास भांडावे.

एका बाबतीत मात्र मी छापील मर्यादेच्या बाजूने ठाम आहे. अमृत देणाऱ्या पंज प्याऱ्यांमध्ये स्त्रियाही असू शकतात, असे तिच्यात लिहिलेले आहे. प्रत्यक्षात हे फार क्वचित दिसते. १७०५ साली मुक्तसरच्या रणात शीखांना घेऊन उतरलेल्या माई भागो पुढे गुरूंबरोबर नांदेडपर्यंत आल्या आणि त्यांचे स्थान आमच्याच आवारात आहे. तरीही या अधिकाराचा आम्हाला विसर पडावा, हे मला सहन होत नाही.

प्रश्न (बीड) : माझ्या मुलीचे एका शीख मुलाशी लग्न ठरत आहे. आम्ही हिंदू मराठा आहोत. मुलाच्या घरचे ‘आनंद कारज’ म्हणतात. पत्रिका पाहू देत नाहीत, देणेघेणे नको म्हणतात. आम्ही काय करावे?

उत्तर : देणेघेणे नको म्हणणारे व्याही मिळाले, याबद्दल प्रथम अभिनंदन. लग्नासाठी पैसा किंवा वस्तू देणे-घेणे हा मर्यादेप्रमाणे शिक्षेस पात्र दोष आहे. पत्रिका, गुणमेलन, मुहूर्त यांनाही तिच्यात स्थान नाही. आनंद कारजात गुरू रामदासांनी रचलेल्या चार लावां, म्हणजे विवाहाची पदे, वाचल्या व गायल्या जातात आणि वधूवर प्रत्येक लावेबरोबर गुरू ग्रंथसाहिबांभोवती फिरतात. १९०९ च्या आनंद विवाह कायद्याने या विधीला मान्यता आहे आणि २०१२ च्या दुरुस्तीने नोंदणीची सोयही झाली आहे.

अडचण पुढेच आहे, आणि ती आपणास कोणीतरी आताच सांगायला हवी. मर्यादेनुसार आनंद कारज दोघेही शीख धर्म मानणारे असतील तरच होतो. एका सकाळपुरते मुलीचे नाव बदलून विधी उरकून घेणारे लोक भेटतात. कृपा करून त्या वाटेला जाऊ नका. त्या चार लावांमध्ये माणूस गुरूसमोर शब्द देतो, आणि तो मनात नसताना दिला तर दोन्ही घरांची फसवणूक होते. मुलीला खरोखर हा मार्ग पत्करायचा असेल तर तिने वेळ घ्यावा, वाणी वाचावी, प्रश्न विचारावेत. आपला धर्म ठेवूनच संसार करायचा असेल तर १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी विवाह करावा आणि नंतर दोन्ही कुटुंबांनी लंगरात एका पंगतीत जेवावे. त्याला कोणाचीही हरकत नसते.

प्रश्न (गाव लिहिलेले नाही) : तीन वर्षांपूर्वी मी अमृत घेतले. नोकरीसाठी मोठ्या शहरात गेलो, एकटा पडलो, दारू सुरू झाली आणि एका रात्री केसही कापून टाकले. आईला अजून सांगितलेले नाही, घरी जाताना पगडी बांधून जातो. गुरुद्वाऱ्याच्या दारातून परत फिरलो, आत जायचा धीर झाला नाही. मला परत येता येईल का?

उत्तर : येता येईल. आपले पत्र मी चार वेळा वाचले.

मर्यादेत यासाठी वाट ठेवलेली आहे आणि ती वाट लाजिरवाणी नाही. ज्याच्या हातून चूक घडली त्याने संगतीसमोर हात जोडून उभे राहावे आणि आपली चूक आपल्या तोंडाने सांगावी. संगत पाच प्यारे निवडते, ते गुरू ग्रंथसाहिबांच्या हजेरीत विचार करतात आणि ‘तनखा’ लावतात. मराठीत तनखा म्हणजे पगार; आमच्याकडे त्याच शब्दाने प्रायश्चित्त सांगतात. तनखा शक्यतो हाताने करायच्या सेवेची असावी, असे पुस्तिका सांगते : भांडी घासणे, झाडणे, जोडे पुसणे. पुढचे वाक्य मी आपल्यासाठी मुद्दाम सांगतो. क्षमा करताना संगतीने हट्ट धरू नये आणि तनखा स्वीकारताना चुकलेल्यानेही अडून बसू नये. केस कापणे ही कुरहित असल्यामुळे आपणास अमृत पुन्हा घ्यावे लागेल. तेही मिळते.

माई भागोंचा उल्लेख वर आला आहे. त्यांच्याबरोबर मुक्तसरला लढलेले चाळीस जण कोण होते? आनंदपूरच्या वेढ्यात उपासमार सहन न होऊन, ‘तुम्ही आमचे गुरू नाही, आम्ही तुमचे शीख नाही’ असे लिहून देऊन घरी गेलेले लोक. ते परत आले आणि लढले. रणात शेवटचा श्वास घेणाऱ्या महासिंघांनी गुरूंकडे एवढेच मागितले की तो कागद फाडून टाकावा. गुरूंनी तो फाडला. त्या चाळिसांना आम्ही रोजच्या अरदासीत, म्हणजे प्रार्थनेत, ‘मुक्ते’ म्हणून आठवतो.

मी शाळेत असताना आमच्या गुरुद्वाऱ्याच्या जोडेघरात एक गृहस्थ काही आठवडे संध्याकाळी बसत. त्यांना तनखा लागली होती, हे सर्वांना ठाऊक होते. ते जोडा हातात घेत, खांद्यावरच्या पंच्याने टाच पुसत, मग तळ पुसत आणि जोडी नीट जुळवून फळीवर ठेवत. एकदा माझ्या वडिलांचे जोडे परत देताना त्यांनी मान खाली घातली, तेव्हा वडिलांनीच वाकून त्यांच्या हातांना हात लावून ते आपल्या कपाळाला लावले. त्या दोघांमध्ये एक शब्दही झाला नाही.

आपण पुढील प्रमाणे करावे. दारूची सवय लागलेली असेल तर डॉक्टरांना आजच दाखवा, त्यात कमीपणा नाही. आईला आधी सांगा. बहुधा तिने पगडीच्या बांधणीवरूनच ओळखले असेल. मग जवळच्या गुरुद्वाऱ्यात दुपारच्या निवांत वेळी जाऊन ग्रंथींना, म्हणजे ग्रंथसाहिबांचे पठण करणाऱ्यांना, भेटा आणि ‘मला पेश व्हायचे आहे’, म्हणजे संगतीसमोर उभे राहायचे आहे, एवढेच म्हणा, पुढचे ते सांगतील. केस वाढेपर्यंत थांबू नका. आज आहात तसेच, डोक्याला रुमाल बांधून जा.